एरिक फेलगीबेल : जर्मन सैन्यातील एका संदेशवहन अधिकाऱ्याची कारकीर्द आणि २० जुलै १९४४ चा प्रश्न

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने सेनापतींचा, रणगाड्यांचा आणि तहांचा इतिहास म्हणून शिकविला जातो. सेनापतीचा आदेश आघाडीपर्यंत कोण पोहोचवितो, कोणत्या साधनाने पोहोचवितो आणि तो पोहोचला नाही तर काय घडते, हा विषय पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात जर्मन सैन्याच्या संदेशवहन दलाचा प्रमुख जनरल एरिक फेलगीबेल याच्या कारकीर्दीचा विचार केला आहे. हिटलरविरोधी कटातील त्याच्या सहभागाचा उल्लेख अनेक ग्रंथांत आढळतो. मात्र बरेचदा तो एका आरोपाच्या स्वरूपात असतो. हिटलरच्या मुख्यालयाचा बाह्य जगाशी असलेला संपर्क तोडण्याचे काम त्याच्याकडे होते आणि ते त्याने पार पाडले नाही, असा तो आरोप होय. हा आरोप कितपत टिकतो, हे पाहणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

विषयाची निवड वर्गातील एका प्रश्नामुळे झाली, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. डहाणू व तलासरी तालुक्यांतील पाड्यांवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आधुनिक जगाचा इतिहास शिकविताना २० जुलै १९४४ चा प्रसंग सांगितला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तारच तोडायची होती ना? मग तोडली का नाही?" प्रश्न साधा होता. त्याचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही.

तारायंत्र पलटणीपासून सेनामुख्यालयापर्यंत

फेलगीबेलचा जन्म ४ ऑक्टोबर १८८६ रोजी सायलेशिया प्रांतातील ब्रेस्लाऊजवळच्या पोपेलविट्झ येथे झाला. ब्रेस्लाऊ म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ. १९०५ च्या सप्टेंबर महिन्यात तो प्रशियाच्या सैन्यातील तारायंत्र पलटणीत अधिकारी-उमेदवार म्हणून दाखल झाला. त्या काळी महत्त्वाकांक्षी तरुण घोडदळ किंवा पायदळ पसंत करीत. तारा ओढणाऱ्या व खांब रोवणाऱ्या पलटणीला फारशी प्रतिष्ठा नव्हती. बिनतारी यंत्रे तर नुकतीच सैन्यात येऊ लागली होती. आपल्याकडेही साधारण याच सुमारास, १५ फेब्रुवारी १९११ रोजी, भारतीय सैन्याच्या स्वतंत्र सिग्नल दलाची स्थापना झाली. तोपर्यंत हे काम सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्यांकडे असे.

पहिल्या महायुद्धाने या दुर्लक्षित शाखेचे महत्त्व सिद्ध केले. १९१४ च्या मार्न लढाईच्या वेळी जर्मन सेनामुख्यालय आणि पुढे सरकणाऱ्या सैन्यांमधील संपर्क इतका विस्कळीत होता की, वरिष्ठांना आघाडीची खरी स्थिती कळण्यासाठी एक अधिकारी मोटारीने पाठवावा लागला. या अनुभवातून शिकणारी अधिकाऱ्यांची जी पिढी घडली, तिच्यात फेलगीबेल होता आणि हाइन्झ गुडेरियनही होता. रणगाडा युद्धाचा प्रणेता म्हणून प्रसिद्ध असलेला गुडेरियन १९१४ मध्ये घोडदळाबरोबरच्या बिनतारी केंद्राचा अधिकारी होता, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात नसते. रणगाडे थव्याने पुढे घुसवायचे तर प्रत्येक रणगाड्याशी बोलता आले पाहिजे, हा त्याचा आग्रह त्या अनुभवातून आला होता.

युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याची मर्यादा एक लाखावर आणली. या लहान सैन्यात राहिलेल्या निवडक अधिकाऱ्यांमध्ये फेलगीबेलचा समावेश होता. १९२८ मध्ये मेजर, १९३३ मध्ये लेफ्टनंट कर्नल, १९३४ मध्ये कर्नल आणि १९३८ मध्ये मेजर जनरल, असा त्याचा चढता क्रम दिसतो. १ ऑगस्ट १९४० रोजी तो 'संदेशवहन दलाचा जनरल' झाला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्याच्याकडे दोन पदे होती. भूदलाच्या संदेशवहनाचा तो प्रमुख होता आणि तिन्ही दलांच्या सर्वोच्च मुख्यालयाच्या संपर्कव्यवस्थेची जबाबदारीही त्याच्यावर होती. हिटलरचा त्याच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. तथापि त्याच्या तोडीचा दुसरा तज्ज्ञ नसल्यामुळे तो पदावर राहिला.

बर्लिनच्या दक्षिणेस झोसेन येथे भूमिगत 'झेपेलिन' दूरध्वनी केंद्र होते. फ्रान्सपासून रशियापर्यंत पसरलेल्या आघाड्यांचे दूरध्वनी आणि टेलिप्रिंटर या केंद्राशी जोडलेले होते. १९४० च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये जर्मन रणगाड्यांनी जी गती दाखविली, तिचे श्रेय इंजिनांना जितके जाते तितकेच या व्यवस्थेला जाते. गुडेरियनच्या आदेश-वाहनातील त्या वेळची छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांत सेनापतीच्या समोरच्या बाजूस बिनतारी चालविणारे सैनिक आणि एनिग्मा यंत्र स्पष्ट दिसते.

एनिग्मा : विश्वास आणि त्याची किंमत

एनिग्मा हे संदेश सांकेतिक करणारे विद्युतयंत्र आर्थर शेर्बियस याने तयार केले होते. जर्मन भूदलाने ते १९२८ मध्ये स्वीकारले आणि १९३० मध्ये त्याला जोडण्यांचा फलक बसवून अधिक गुंतागुंतीचे केले. पाच चाकांपैकी तीन चाके, त्यांचा क्रम, त्यांची सुरुवातीची स्थिती आणि फलकावरील दहा जोडण्या एवढे लक्षात घेतले तरी संभाव्य मांडण्यांची संख्या सुमारे १५९ अब्ज अब्ज होते. या संख्येवर जर्मन तज्ज्ञांचा विश्वास होता, आणि तो गणिताच्या दृष्टीने अनाठायी नव्हता.

तरीही ही संकेतलिपी फुटली. पोलंडचा गणितज्ञ मारियन रेयेव्हस्की याने १९३२ च्या डिसेंबरमध्येच यंत्राची आतील जोडणी शोधून काढली. जर्मन संकेत कार्यालयातीलच हान्स-थिलो श्मिट हा कर्मचारी पैशासाठी फ्रेंचांना कागदपत्रे विकत होता, त्याचाही या कामी उपयोग झाला. १९३९ च्या जुलै महिन्यात वॉर्सॉजवळ पोलिश तज्ज्ञांनी आपले ज्ञान ब्रिटिश व फ्रेंच तज्ज्ञांच्या हवाली केले आणि पुढील काम इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे चालले. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जर्मन हवाई दलाचे संदेश ब्रिटिशांना लवकर व नियमितपणे वाचता येऊ लागले. भूदलाचे संदेश त्या मानाने कठीण गेले, कारण भूदलातील बिनतारी चालकांची शिस्त अधिक कडक होती. ही शिस्त फेलगीबेलच्या शाखेची होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तर आफ्रिकेत रोमेलजवळ कॅप्टन आल्फ्रेड झेबोम याच्या नेतृत्वाखाली बिनतारी संदेश ऐकणारी एक कंपनी होती. ब्रिटिश सैन्याच्या रेडिओवरील सैल बोलण्यातून कोणती तुकडी कोठे आहे, हे ही कंपनी तासाभरात सांगत असे. १० जुलै १९४२ रोजी तेल एल ईसा येथे ऑस्ट्रेलियन सैन्याने ही कंपनी गाठली. झेबोम जखमी अवस्थेत पकडला गेला व पुढे मरण पावला. हाती लागलेल्या कागदपत्रांवरून आपली शिस्त किती ढिसाळ आहे हे ब्रिटिशांना कळले आणि त्यांनी आपल्या पद्धती सुधारल्या. दोन्ही बाजू एकमेकांचे ऐकत होत्या. मात्र आपले कोणी ऐकत असेल, असे दोघांनाही वाटत नव्हते.

या यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाला मराठी माणूस उभा होता, याची आठवण ठेवणे उचित होईल. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अपर टायबर खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली व तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्यांच्यासमोरच्या सैन्याचे आदेश ज्या तारांवरून येत होते, त्या तारांचा प्रमुख बरोबर दहा दिवसांनी आपल्याच सर्वोच्च सेनापतीविरुद्ध उभा राहिला.

कटातील सहभाग

फेलगीबेलचा नाझी राजवटीला असलेला विरोध १९४४ मध्ये अचानक उद्भवलेला नव्हता. माजी सेनाप्रमुख लुडविग बेक आणि जनरल कार्ल-हाइनरिख फॉन श्टुल्पनागेल यांच्याशी त्याचा जुना परिचय होता. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावरून हिटलरला पदच्युत करण्याची जी योजना आखली गेली, तिच्याशीही त्याचे नाव जोडलेले आहे. म्युनिक करारामुळे ती योजना बारगळली.

असे असले तरी १९३८ ते १९४४ या सहा वर्षांत तो आपले काम चोखपणे करीत राहिला, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. १९४१ मध्ये रशियावर आक्रमण झाले तेव्हा आघाडीमागे ज्यूंच्या सामूहिक हत्या सुरू झाल्या. त्यांचे आकडे देणारे जर्मन पोलीस दलाचे बिनतारी संदेश ब्रिटिशांनी त्याच उन्हाळ्यात वाचले होते. ते जाळे पोलिसांचे होते, फेलगीबेलचे नव्हते. पण ज्या मोहिमेच्या आडोशाला हे घडत होते, ती मोहीम त्याच्या तारांवर चालली होती. त्याला केवळ हुतात्मा ठरविणारे लेखन मला म्हणूनच अपुरे वाटते. संदेशवाहकाचा संदेशाशी काही संबंध नसतो, ही समजूत सोयीची आहे; खरी नाही.

२० जुलै १९४४

पूर्व प्रशियातील रास्टेनबर्गजवळच्या जंगलात हिटलरचे 'वोल्फशान्झे' नावाचे मुख्यालय होते. कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग याने तेथे बॉम्ब ठेवायचा, फेलगीबेलने मुख्यालयाचा संपर्क रोखायचा आणि बर्लिनमध्ये जनरल ओल्ब्रिख्तने 'वाल्किरी' या संकेतनावाचे आदेश काढून सत्ता हाती घ्यायची, अशी योजना होती. वाल्किरी ही मुळात अंतर्गत बंडाळी मोडण्यासाठी राखीव सैन्याने तयार केलेली अधिकृत योजना होती. कटवाल्यांनी तिचाच उपयोग करून घेतला. १५ जुलै रोजी असाच प्रयत्न झाला होता. त्या दिवशी बॉम्ब ठेवता आला नाही, मात्र बर्लिनमध्ये ओल्ब्रिख्तने आदेश आधीच काढले होते आणि तो केवळ सराव होता अशी सारवासारव त्याला करावी लागली. पाच दिवसांनी त्याने जी कचर दाखविली, तिचे मूळ येथे आहे.

२० जुलैला दुपारी पाऊणच्या सुमारास स्फोट झाला. त्या वेळी श्टाउफेनबर्ग आणि फेलगीबेल बैठकीच्या खोलीपासून काही अंतरावर एकत्र उभे होते. हिटलर मेला अशी खात्री बाळगून श्टाउफेनबर्ग विमानतळाकडे निघून गेला. थोड्याच वेळात फेलगीबेलने हिटलरला स्वतःच्या पायांनी चालताना पाहिले.

या क्षणी त्याच्यासमोर जो पेच उभा राहिला, त्याची पूर्वतयारी कोणत्याही योजनेत नव्हती. हिटलर मेला तर काय करायचे, हे ठरले होते. हिटलर जगला तर काय करायचे, हे कोणी ठरविलेच नव्हते. फेलगीबेलने संपर्क रोखण्याचा आदेश दिला. मुख्यालयातील इतरांनाही ही बातमी बाहेर फुटू द्यायची नव्हती, त्यामुळे त्याच्या आदेशाबद्दल लगेच कोणाला शंका आली नाही. त्याने बर्लिनला आपला सहकारी जनरल फ्रिट्झ थीले याला दूरध्वनी केला आणि काहीतरी भयंकर घडले आहे, फ्यूरर जिवंत आहे, अशा आशयाचा निरोप दिला. दूरध्वनीवर याहून अधिक बोलणे शक्य नव्हते, कारण ती वाहिनी किती कानांपर्यंत पोहोचते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

निरोप पोहोचला, पण अर्थ पोहोचला नाही. स्फोट झाला की नाही? कट पुढे न्यायचा की थांबवायचा? थीले आणि ओल्ब्रिख्त यांनी वाट पाहण्याचे ठरविले. श्टाउफेनबर्गचे विमान बर्लिनला उतरेपर्यंत जवळजवळ तीन तास वाया गेले.

तार तोडण्याचा प्रश्न

आता मूळ आरोपाकडे वळू. युद्धोत्तर लेखनात फेलगीबेलने मुख्यालयाचे दूरध्वनी केंद्र उडवून द्यायला हवे होते, असे अनेकदा लिहिले गेले. इतिहासकार पेटर हॉफमन यांनी संदेशवहन व्यवस्थेच्या तपशिलांचा अभ्यास करून या मताची तपासणी केली आहे आणि त्यांचे विवेचन मला ग्राह्य वाटते.

वोल्फशान्झेमध्ये एकच तार नव्हती. भूदलाच्या वाहिन्या होत्या, टपाल खात्याच्या होत्या, हवाई दलाच्या होत्या, एसएसच्या वेगळ्या होत्या; त्याखेरीज बिनतारी संच होते आणि आसपासच्या गावांतील दुय्यम केंद्रे होती. एक केंद्र उडविले तरी वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळविता येत असे. शत्रूच्या बॉम्बहल्ल्यात संपर्क तुटू नये, म्हणून ही रचना मुद्दामच तशी केलेली होती. ती करणाऱ्यांत फेलगीबेल प्रमुख होता. शिवाय १९४४ च्या २२ जूनपासून रशियाचे प्रचंड आक्रमण सुरू होते आणि पूर्व आघाडीवरील लाखो सैनिकांचा संपर्क याच केंद्रांवर अवलंबून होता. नव्या सत्तेलाही आदेश देण्यासाठी हीच यंत्रणा लागणार होती. फार तर काही तासांसाठी, माणसांना आदेश देऊन, वाहिन्या बंद ठेवता येतील, एवढेच शक्य होते. आणि तेवढे त्याने केले. तरीही गोबेल्सला बर्लिनमध्ये दुपारीच घटनेची कुणकुण लागली आणि हिमलरला तपास अधिकारी बोलावून घेता आले. दुपारनंतर मुख्यालयाच्या आदेशानेच वाहिन्या पुन्हा खुल्या झाल्या.

बर्लिनमधून निघालेल्या वाल्किरी आदेशांचे काय झाले, हे अधिक उद्बोधक आहे. ते गोपनीय वर्गातील असल्याने सांकेतिक करून पाठवावे लागत होते आणि त्यासाठी मोजक्याच टंकलेखिका व मोजकीच यंत्रे होती. आदेश सर्वत्र जाण्यास काही तास लागले. ठरलेल्या वितरण-यादीप्रमाणे त्यांच्या प्रती खुद्द वोल्फशान्झेलाही पोहोचल्या. तेथून लगेच उलट आदेश सुटू लागले. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हिटलर सुखरूप असल्याचे नभोवाणीवर जाहीर झाले. गोबेल्सचे सरकारी कार्यालय वेढण्यासाठी धाडलेला मेजर रेमर याला सातच्या सुमारास दूरध्वनीवर प्रत्यक्ष हिटलरचा आवाज ऐकविण्यात आला आणि त्याने आपले सैनिक उलट दिशेने वळविले. शेकडो टेलिप्रिंटर-संदेशांपेक्षा एक ओळखीचा आवाज भारी ठरला.

विद्यार्थ्याच्या प्रश्नामागे आपल्या प्रदेशाची आठवण होती, असे मला वाटते. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रात ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या. त्याच महिन्यात १४ तारखेला पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. पण परक्या राज्याची तार बाहेरून तोडणे वेगळे आणि आपणच विणलेले जाळे आतून थांबविणे वेगळे. परक्याची तार तोडणाऱ्याला ती उद्या लागणार नसते.

दुसरे उदाहरण तर याच मातीतले आहे. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे झालेल्या सभेपासून वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. हा लढा ज्यांनी उभारला, त्यांच्याजवळ ना दूरध्वनी होता, ना तार. गोदावरी परुळेकर यांचा निरोप पाड्यापाड्यांवरून तोंडी जाई आणि तो रातोरात पोहोचे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे नेमक्या याच विश्वासाचा घात झाला. गोदुताई येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पसरविण्यात आला. हजारो वारली जमले, आणि जमाव हिंसक झाल्याचे भासवून त्यांच्यावर पोलिसांचा गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड हुतात्मा झाले. एकीकडे टेलिप्रिंटरवरील अधिकृत, सांकेतिक, सहीशिक्क्याचे आदेश आणि दुसरीकडे पायवाटेने गेलेला निरोप. परंतु दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याने एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे हा निरोप कोणाच्या नावाने आला आहे.

अखेर

फेलगीबेल त्या दिवशी वोल्फशान्झे सोडून गेला नाही. जाण्यासारखी जागाही नव्हती. त्याच्या एका तरुण सहायकाने पिस्तुलाचा विषय काढला असता, असे करायचे नसते, उभे राहून सामोरे जायचे असते, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे त्या सहायकाने युद्धानंतर सांगितले. त्याच रात्री त्याला अटक झाली. बर्लिनमध्ये मध्यरात्रीनंतर श्टाउफेनबर्ग, ओल्ब्रिख्त आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. फेलगीबेलचे मात्र तीन आठवडे हाल करण्यात आले, कारण देशभरातील संदेशवहन अधिकाऱ्यांपैकी कोण कोण सामील आहे हे त्याच्याकडून काढून घ्यायचे होते. ४ ऑगस्टला सैन्यातून त्याची हकालपट्टी झाली. सैनिकी न्यायालयाचा अधिकार त्यामुळे संपला आणि त्याला रोलांड फ्राइसलर याच्या तथाकथित लोकन्यायालयापुढे उभे करता आले. १० ऑगस्टला मृत्युदंड ठोठावण्यात आला आणि ४ सप्टेंबर १९४४ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनसे तुरुंगात तो अमलात आला. थीले यालाही त्याच दिवशी, त्याच ठिकाणी फाशी देण्यात आली.

त्याच्या जागी जनरल आल्बर्ट प्राउन आला. फ्रान्सच्या मोहिमेत तो गुडेरियनचा संदेशवहन अधिकारी होता. यंत्रणा एक दिवसही बंद पडली नाही. १९४५ च्या मे महिन्यापर्यंत तिच्यावरून आदेश जात राहिले. युद्धानंतर प्राउनने अमेरिकन सैन्यासाठी जर्मन संदेशवहनावर व बिनतारी हेरगिरीवर सविस्तर अहवाल लिहिले. फेलगीबेलने उभारलेल्या व्यवस्थेची आज जी माहिती मिळते, तिचा बराच भाग अशा अहवालांतून आलेला आहे. बव्हेरियातील पोकिंग येथील जर्मन सैन्याच्या छावणीला पुढे फेलगीबेलचे नाव देण्यात आले. सैन्याची माहिती-तंत्रज्ञान प्रशालाही तेथेच आहे.